धानाचा मान आणि मारोतभाऊंचा पाय

मंडळी, आज दुपारी आमच्या राईस मिलमध्ये मारोतभाऊंचा पाय थोडक्यात वाचला.

धानाच्या ढिगावर चप्पल-बूट घालून चढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून सगळे स्लीपर घालतात, झटकन काढता येते.

आज ढिगावरून उतरताच भाऊंनी घाईत स्लीपर पायात अडकवली. ती कोंड्यावर घसरली आणि भाऊ तोल जाऊन मशीनच्या चालत्या पट्ट्याकडे गेले. मी कॉलर धरून मागे ओढलं. स्लीपर मात्र पट्ट्यात जाऊन फाटली.

"मालकानं कामावर घालाले बूट दिले, ते काऊन नाई घातले?" मी विचारलं.

"लग्नाकार्यात घालाले ठेवले जी. इथी खराब होतात."

आम्ही धानाचा मान राखतो, बुटांचाही राखतो. पायाचा तेवढा राहून जातो.

तुमच्याकडचे बूट कोणत्या लग्नाची वाट पाहून राह्यले?