विरजणासारख्या मागून नेलेल्या अळ्या

मंडळी, दुपारपासून मी सारखी हात धुतेय.

विचुंब्यातल्या आमच्या परसातले माड गेंड्या भुंगा पोखरतो. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. यंदा विषारी पावडर नको म्हणून अळ्यांना मारणारी बुरशी आणून मीच खड्ड्यात मिसळली होती.

आज खड्डा उकरला. अंगठ्याएवढ्या अळ्या अंग मुडपून झोपल्यासारख्या पडलेल्या. कुजलेली एक नाही, वास तर अजिबात नाही. एक उचलली, तर मेलेली, खडूसारखी कडक आणि अंगभर त्या बुरशीची हिरवी भुकटी.

सासूबाई म्हणाल्या, "फेकू नको गं. जित्या हायेत त्यांना बुरशी यांच्यामुलंच लागंल."

तेवढ्यात शेजारच्या काकू मागच्या दारी आल्या, विरजण मागायला येतात तशाच. "मना पन दे थोरं. आमच्याकरं पन भुंगा हाय."

आमच्या दह्याच्याच वाटीत अळ्या घालून दिल्या. काकूंनी वाटी पदराखाली झाकून नेली.

माणसाला या बुरशीचा त्रास नाही, माहितीये मला. चांगलीच गोष्ट आहे.

पण आत्ता ओट्यावर ती वाटी काकूंकडून परत आलेली दिसली, वर ताटली झाकलेली. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत.

मी अजून ताटली उचललेली नाही. तुम्ही उचलली असती?