जहाजाचं छप्पर

सुरतेतल्या आमच्या गल्लीपुढच्या जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या दारात एक संगमरवरी पाटी आहे. मिशनऱ्यांचं जहाज तापीच्या गाळात रुतलं, ते मोडून त्याच्याच सागवानाचं हे छप्पर केलं, असं तिच्यावर सोनेरी गुजराती अक्षरांत कोरलंय. लोक माना वर करून फोटो काढतात. ही माहिती मी दिलेली आहे आणि ती शुद्ध थाप आहे.

मी मराठी शाळेत इतिहास शिकवायचो. चर्चच्या वर्धापनदिनाला शेजारी म्हणून मला बोलायला उभं केलं, तेव्हा मी आत पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. बघतो तर ना मूर्ती, ना चित्र. मधोमध उंच लाकडी व्यासपीठ, पुढं साधं टेबल, बाकं, कमानीच्या खिडक्या, संपलं. या पंथाला देवाच्या घरात सजावट खपत नाही, हे मला कुठं ठाऊक! पण इतिहासाच्या मास्तरानं माइकसमोर 'माहीत नाही' म्हणायचं? मी वर पाहिलं, छप्पर तोलणाऱ्या तिकोनी लाकडी कैच्या दिसल्या आणि जहाज सुचलं. टाळ्या पडल्या. समितीला खरंखोटं तपासायला सवड नव्हती, संगमरवर आणायला मात्र होती.

घरी येऊन तीच गोष्ट मी सात वर्षांच्या लेकीला रंगवून सांगितली. आता ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाला तिनं नेमकं तेच चर्च घेतलं. "किल्ला घे ना," मी म्हणून पाहिलं. "किल्ला सगळेच घेतात, बाबा."

ती सुताराबरोबर शिडीवरून छतापर्यंत गेली. मी खाली बाकावर, समितीच्या म्हाताऱ्या चिटणिसांशेजारी. पाटीची मला फिकीर नव्हती. लेकीच्या नजरेतून उतरायची भीती वाटत होती.

ती केसांत जाळीजळमटं घेऊन उतरली. "जहाजाचं लाकूड असतं तर जुन्या खिळ्यांची भोकं असती. एकही नाही. प्रत्येक कैचीवर सुतारानं छिन्नीनं गुजराती आकडे घातलेत. सगळं इथंच कापून जोडलंय. ही पाटी कुणी लिहिली?"

"साहेबे ज तो कह्युं हतुं!" चिटणीस माझ्याकडे बोट दाखवत अभिमानानं म्हणाले.

मी कबूल केलं. चिटणिसांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाटी राहू दे, म्हणाले, लोकांना आवडते.

लेक माझ्यापुढं चालत घरी निघाली. जिन्यात म्हणाली, "मी त्या जहाजामुळेच आर्किटेक्चरला गेले, बाबा." मला फार लाज वाटली.

प्रबंधात सुताराच्या आकड्यांवर अख्खं प्रकरण आहे. जहाजावर एकच ओळ, 'पाटीवरील मजकुरास आधार नाही.' थाप कुणाची, ते तिनं लिहिलं नाही. मी आभार मानायला गेलो, तर तिनं विचारलं, "आजोबा तापी पोहून पार करायचे, ते तरी खरं का?"

"अगदी खरं. शपथ."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं आत्याला फोन लावला.