दाना ओलीतले सात बंब

तांब्याचा बंब कुठे दिसला की मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला पटकीच्या साथीचा तो उन्हाळा आठवतो, आणि आजही थोडी लाज वाटते. ग्वाल्हेर संस्थान नुकतेच मध्यभारतात विलीन झाले होते. आमच्या टोपीवरचा बिल्ला बदलला, ठाण्यातला रोजच्या नोंदींचा रोजनामचा मात्र होता तसाच राहिला. मी नवा फौजदार होतो आणि नाव कमवायची मला भारी घाई होती.

एके सकाळी खबऱ्याने बातमी आणली. दाना ओली नावाच्या गल्लीत एका हवालदाराच्या अंगणात सात बंब दिवसभर पेटलेले असतात आणि तो झाकलेल्या कळश्या घेऊन गल्लीत फिरतो. हा हवालदार संस्थानी पलटण मोडल्यामुळे घरी बसलेला. मला वाटले, हातभट्टी. दोन शिपाई घेऊन छापा घातला, तर सगळ्या बंबांत नुसते पाणी उकळत होते. तिथूनच मी परत फिरायला हवे होते. पण बेकार माणसाकडे सात बंब आले कुठून? चोरीचा माल असणार असे ठरवून मी निखारे विझवले, पंचनामा केला आणि हवालदारासकट बंब ठाण्यात आणले.

जबानीत त्याने एवढेच सांगितले, की पाणी पटकी झालेल्या घरांसाठी आहे. घरे कोणती, बंब कोणाचे, यावर तोंड उघडेना. मी दरडावले, कोठडीची भीती घातली, चहाही पाजून पाहिला.

शेवटी तो म्हणाला, "साहेब, मी गल्लीला जबान दिलीय. घरं कळली तर तुम्ही बीमार माणसांना उचलून गावाबाहेर रोग्यांच्या छावणीत न्याल, हीच लोकांना धास्ती आहे. मला बंद करा, पण बंब जाऊ द्या. पाणी दुपारपर्यंतच पुरेल. मग ते विहिरीचंच पितील."

मुद्देमालाची यादी करायला मी बंबांवरची काजळी पुसू लागलो. आपल्याकडे भांड्यावर नाव घातलेले असते, हे मला आधीच सुचायला हवे होते. एक बंब निघाला अशा पुजाऱ्यांचा, ज्यांच्या भांड्याला शेजाऱ्याचा हात लागलेला चालत नसे. एक निघाला त्यांच्याशी वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या घराचा. सातव्यावर माझ्याच बायकोचे नाव होते, सासऱ्यांनी लग्नात घातलेले. आठ दिवस मी गार पाण्याने आंघोळ करत होतो आणि उन्हाळा म्हणून कधी विचारलेही नव्हते.

हवालदाराला तिथल्या तिथे सोडले. हातगाडीवर बंब परत नेले आणि मीच पेटवले. मग सरकारी डॉक्टरांना गाठून रोग्यांना घरीच औषध देण्याचे कबूल करून घेतले, तेव्हा कुठे हवालदाराने एकेक दार दाखवले. एका घरात कळशी रिकामी झाली होती आणि बाळंतीण पाणी मागत होती. ती वाचली, पण त्यात माझे काही कर्तृत्व नाही. उलट, माझ्यामुळे ती जवळजवळ गेलीच होती.

संध्याकाळी घरी गेलो. मला का नाही सांगितलेस, असे बायकोला विचारले.

"सांगितलं असतं तर तुम्ही पंचनामा केला असता," ती म्हणाली.

नोकरीत पुढे मी पुष्कळ छापे घातले. पण निखाऱ्यांवर पाणी ओतण्यापूर्वी ते कोणासाठी पेटवलेत, एवढे मात्र विचारत गेलो.