भिंतीतला खिळा

रायपूर राजधानी झालं आणि चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराची किंमत आम्ही काही न करता वाढली. उधारीही वाढली होती, पण ती मी केलेली. बहिणीचं लग्न, दोन क्रेडिट कार्डं आणि सोनाराकडे गहाण पडलेल्या आईच्या पाटल्या. घराचं जुनं कर्ज थोडंच उरलं होतं. दुसरी एक बँक ते फेडून घरावर नवं, मोठं कर्ज द्यायला तयार झाली. त्यात बाकीची सगळी देणी मिटणार होती.

घर आईच्या नावावर. बँकेचा माणूस घर मोजायला आला तेव्हा म्हणाला, "आंटी, गेट के पास खड़े हो जाइए, फोटो लेना है." आई बहिणीच्या लग्नातली साडी नेसून आली. रिकामे हात पदराखाली लपवत तिनं मला हळूच विचारलं, "हासू काय रे?"

"सीधी उभी राय न," मी खेकसलो. त्या माणसानं मागच्या भिंतीची ओल पाहिली होती, आणि आता तो घराची किंमत कमी लावेल असं मला वाटत होतं.

कर्ज मंजूर झालं. देणी फिटली, पाटल्या घरी आल्या. झोप मात्र आली नाही. हप्त्याची तारीख सतत डोळ्यांसमोर राहावी म्हणून मी बैठकीत कॅलेंडर लावायला हातोडी घेतली. आईनं पाटल्या घातलेल्या हातानं माझं मनगट धरलं.

"खिळा ठोकू नको," ती म्हणाली. "बँकेले विचारलं काय?"

मला ओरडायचं होतं. मी हातोडी ठेवली आणि कॅलेंडर खुर्चीच्या पाठीला टांगलं. वर्षभर ते तिथंच होतं.