सूपभर ज्वारीइतका वेळ

बहात्तरच्या दुष्काळात माझी अशी समजूत होती, की अर्धा सोलापूर जिल्हा माझ्याच जिवावर तगून आहे. वय बावीस, नुकतीच बी.एस्सी. झालेली, कचेरीत तीन महिन्यांची हंगामी नोकरी आणि डोळ्यांवर काळा गॉगल. त्या गॉगलचं आता इतकं हसू येतं, की कवळी सांभाळावी लागते.

काम सोपं होतं. कोणत्या वस्तीचं पाणी उन्हाळ्यात दगा देईल, ते आधीच ओळखायचं. फुटाफुटावर गाठ मारलेली दोरी, टोकाला दगड. दोरी आडात सोडायची, किती भिजली ते बघायचं. तीन फुटांच्या वर पाणी असलं, की 'टंचाईचा धोका' या रकान्यात 'नाही'. आणि 'नाही' लिहिलं, की त्या वस्तीला टँकर नाही.

मी कुर्डुवाडीला मावशीकडे राहायची. उन्हानं रंग काळवंडेल म्हणून दिवस उगवायच्या आतच सायकल काढायची. कचेरीतल्या साहेबांना वाटायचं, काय पोरीचा उत्साह!

एका सकाळी माढ्याच्या वाटेवरच्या एका वस्तीत पोचले. आडाच्या कडेला एक म्हातारी सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी दोरी सोडली. चार फूट! मी ऐटीत 'नाही' लिहिलं.

"काय लिवलं, बाई?"

"पाणी चांगलं आहे आजी. काळजी नको."

"रातभर साठलंय ते. बायकांनी उपसल्यावर मोज की."

"आम्हाला एकदाच मोजायचा नियम आहे."

"व्हय का?" म्हातारी उठली आणि तिनं माझ्या सायकलचं हँडल धरलं. "मग नियमाला म्हनावं, जरा बस हितं."

बसले. करते काय! बायका आल्या, पोहऱ्यावर पोहरे निघाले. नऊ वाजेपर्यंत पोहरा तळाच्या दगडावर खणकन आडवा पडला. म्हातारीनं नवं सूप घेतलं.

"आता बघ. हे सूप निवडून होईस्तवर एक घागर भरंल. दिवाळीत अर्ध्या सुपात भरत व्हती. शिमग्याला किती सुपं लागतील, ते तुझ्या कागदावर लिव."

मी घड्याळ बघितलं. घागरीला वीस मिनिटं. वस्तीत घरं बावीस, शिवाय जनावरं. बी.एस्सी.च्या पोरीला हा हिशेब यायला हवा होता. आला, पण गॉगल काढल्यावर.

'नाही' खोडून 'आहे' लिहिलं आणि मागचे कागद चाळले. त्याआधीचे अकरा आडही मी असेच भल्या पहाटे, भरलेले असताना मोजले होते.

कचेरीत कारकून म्हणाले, "अहो बाई, टँकरची यादी परवा जायचीय. आता कसली खाडाखोड?"

"चूक माझी आहे, मीच निस्तरते. परवापर्यंत थांबवा."

दोन दिवस भर उन्हात अकरा आड पुन्हा मोजले. सात ठिकाणी 'नाही'चं 'आहे' झालं. यादी गेली तेव्हा ते सातही आड तिच्यात होते आणि माझं नाक सोललं होतं. मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "आता कोण करून घेणार गं तुला?" (एकानं घेतली करून. तेही रापलेलेच होते.)

त्या वस्तीला टँकर सुरू झाला. उन्हाळ्यात तिथल्याच माणसांनी सुरुंग लावून आड खोल केला, तेव्हा मला पुन्हा मोजायला पाठवलं. पोचले तर म्हातारी कडेलाच होती. दोरीच्या सात गाठी भिजल्या.

"लिव आता, धोका न्हाय!" म्हातारी म्हणाली.

"थांबा आजी. बायकांचा उपसा होऊ दे."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "मग नुसती काय बसतीस? निवड."

उपसा झाल्यावर पाव सूपही निवडून झालं नव्हतं, तोवर घागर भरली. माझ्या वाटच्या ज्वारीत खडे मात्र तसेच राहिले होते. तेवढ्यावरून म्हातारीनं लई शिव्या घातल्या.