शिक्केवाल्याची खरी नक्कल

मी माणूस म्हणून काही फार बरा नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मला समजून घ्यायच्या भानगडीत कुणी पडायला नको.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आजूबाजूच्या जिल्ह्यांतली माणसं उचलून तिथं नेऊन टाकली. मला नांदेडहून उचललं. वय सव्वीस, बाप मास्तर, घरात शुद्ध बोलायचा दंडक, आणि नाक कायम वर. कचेरी सरकारी होती, कोणती ते विचारू नका. टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. दुष्काळ मात्र आमच्या आधी येऊन बसला होता. मला टंचाईचं काम दिलं. गावोगावचे टँकरच्या मागणीचे अर्ज घ्यायचे, टिपणी लिहायची, वर पाठवायचं. "सदर गावी पिण्याच्या पाण्याची तीव्र टंचाई असल्याने" हे शब्द दिवसातून तीस वेळा लिहायचो. पहिल्या महिन्यात लिहिताना वाईट वाटायचं, दुसऱ्या महिन्यात नुसता हात दुखायचा.

मला वेड होतं एका गुप्तहेराचं. दर महिन्याला त्याची एक रहस्यकथा निघायची, पातळ पुस्तक, वर पिस्तूल आणि घाबरलेली बाई. नांदेडला मी एकही अंक सोडला नव्हता. लातूरला आलो आणि ती पुस्तकं यायची बंद झाली. लेखक थकला म्हणे. मी चिडलो. थकायला काय झालं? मग मीच त्या गुप्तहेराला लातूरला आणला आणि त्याच्या नव्या भानगडी लिहायला लागलो. रद्द झालेल्या परिपत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, जेवणाच्या सुट्टीत. कुणी मागितलं नव्हतं, कुठं छापून येणार नव्हतं. पण टिपण्या लिहून लिहून आंबलेला हात त्या पानांवर असा पळायचा की काय सांगू! दिवसातली तेवढी अर्धी घटका मी कुणाचा कारकून नव्हतो.

पहिली गोष्ट संपली तेव्हा दाखवायची खुमखुमी आली. फायलीच्या पुठ्ठ्यात घातली, लाल फीत बांधली आणि शेजारच्या टेबलावर सरकवली. कचेरीतली माणसं, त्यांना वाचायची एकच रीत ठाऊक. वाचून झालं की समासात "वाचले, पुढे सादर" लिहायचं, सही ठोकायची आणि पुढच्या टेबलावर. तशीच ती फिरत फिरत बारनिशीच्या टेबलावर गेली. बारनिशी म्हणजे आवक-जावक, आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा आणि शिक्का मारायचा. तिथं अप्पा बसायचे.

अप्पा उदगीरकडचे. कपाळावर भस्माचे पट्टे, पन्नाशी उलटलेली, बोलताना मधेच कानडी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि एक मुलगी, बस्स. अप्पांनी माझी गोष्ट हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि वर धाडकन आवक शिक्का मारला. क्रमांक घातला, तारीख घातली, नोंदवहीत चढवली. विषय: खून.

कचेरी हसून हसून बेजार झाली. साहेबांच्या खोलीतून कोण हसतंय म्हणून विचारणा आली. अप्पा शांतपणे म्हणाले, "आलेला कागद हाय. बिनशिक्क्याचा कसा जाऊ देऊ?"

त्या दिवशी मला माझं पात्र सापडलं. दुसऱ्या गोष्टीपासून गुप्तहेराच्या मागं मी एक नोकर लावून दिला. नाव नाही, नुसता शिक्केवाला. प्रेत दिसलं की आधी शिक्का मारणार, मग ओरडणार. कपाळावर पट्टे, खांद्यावर उपरणं, "अय्यो" म्हणायची सवय. सगळं अप्पांचं उचललं. आणखी एक उचललं. अप्पा घरून रोज एक तांब्या भरून पाणी आणायचे. त्या दिवसांत घरातलं पाणी बाहेर न्यायला काळीज लागायचं. खेड्यावरून पायी आलेला माणूस अर्ज घेऊन उभा राहिला की आधी घोटभर पाणी, मग शिक्का. माझा शिक्केवालाही पाणी द्यायचा. खुन्याला द्यायचा. खुनी पाणी पिऊन ताजातवाना होऊन पळायचा आणि गुप्तहेर शिक्केवाल्याच्या टाळक्यात टपली मारायचा. ही टपली दर गोष्टीत यायची आणि लोक तिची वाट बघायचे.

अप्पांना कळत नव्हतं असं आम्ही धरून चाललो होतो. कारण सगळ्यांत मोठे वाचक तेच. शनिवारी पुठ्ठा घरी न्यायची परवानगी मागायचे, माझ्याकडं, त्यांच्या निम्म्या वयाच्या माणसाकडं. "पोरगी वाट बघून राहिली हो नांदेडवाले. तिला लई आवडतंय." सोमवारी फीत नीट बांधून परत. त्यांची पाठ वळली की आम्ही एकमेकांना कोपरं मारायचो. मी म्हणायचो, पोरगी घरी बापाची टिंगल वाचते आणि बाप समोर बसून कौतुकानं ऐकतो, काय घर आहे! माझ्या जिभेला हाड नव्हतं आणि माझ्या हातात पेन होतं.

पाच-सहा गोष्टी झाल्या. उन्हाळा चढला. मग एका दुपारी ती मुलगी कचेरीत आली. दहावीला चांगले गुण पडले होते तिला, मास्तरकीच्या शिक्षणाला अर्ज करायचा होता. गुणपत्रिका हातानं उतरवून आणली होती, त्यावर "खरी नक्कल" असा शिक्का आणि साहेबांची सही हवी होती. तेव्हा तसंच चालायचं. शिक्का अप्पांकडंच. साहेब जेवायला गेले होते म्हणून कागद अप्पांच्या टेबलावर ठेवून ती थांबली, आणि थांबली ती सरळ माझ्या टेबलापाशी आली. दोन वेण्या, उन्हानं लाल झालेलं तोंड.

"काका, तुम्हीच ना ते लिहिणारे?"

काका म्हटल्याचाच मला राग आला. मी हूं केलं. आजूबाजूच्या टेबलांवरची पेनं थांबली. सगळ्यांना मजा बघायची होती, मलाही.

"शिक्केवाला किती हुशार दाखवलाय हो तुम्ही!" ती म्हणाली. "आमच्या अप्पांवरनं घेतलाय ना? मी लगेच ओळखलं. ते पाण्याचं तर मला लईच आवडलं."

"कुठलं पाण्याचं?"

तिला वाटलं मी परीक्षा घेतोय. भराभर सांगायला लागली. तीन माणसं येतात, तिघंही म्हणतात आम्ही कोरड्या गावातून चार कोस चालत आलो. शिक्केवाला तिघांना तांब्या देतो. दोघं घटाघटा पितात. तिसरा म्हणतो नको, तहान नाही. शिक्केवाला गुप्तहेराच्या कानात सांगतो, साहेब, हाच. या दिवसांत चार कोस चालून आलेला माणूस पाणी नको म्हणत नाही, हा गाडीत बसून आलाय. "आणि मग गुप्तहेर शिक्केवाल्याला हात जोडतो. तिथं मी रडले."

हे मी लिहिलंच नव्हतं. माझ्या गोष्टीत त्या जागी टपली होती.

मी अप्पांकडं बघितलं. ते मान खाली घालून शिक्के मारत होते, समोर एकही कागद नव्हता, नुसत्या टीपकागदावर. एकदम सगळं ध्यानात आलं. शनिवारी नेलेली गोष्ट हा माणूस मुलीच्या हातात देतच नव्हता. रविवारी बसून स्वतःच्या हातानं एका वहीत उतरवत होता, उतरवताना शिक्केवाल्याला शहाणा करत होता, आणि ती वही तिला देत होता. पहिल्या टपलीपासून त्याला सगळं कळत होतं. कोपरंसुद्धा. त्याला कचेरीची काही पडलेली नव्हती, आम्ही हसलो काय नि रडलो काय. त्या एका घरात, त्या एका पोरीपुढं आपण कोणीतरी आहोत, एवढंच त्याला टिकवायचं होतं.

इथं थांबता आलं असतं. "हो, तुझ्या अप्पांवरूनच घेतला," एवढं म्हटलं असतं तर ती पोरगी हसत घरी गेली असती. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला दया आली नाही, मला मिरच्या झोंबल्या. माझ्या लिखाणात हात घातला! आणि वर ते पाण्याचं मला सुचायला हवं होतं. मी टंचाईच्या टेबलावर बसणारा, रोज तहानलेली माणसं बघणारा, आणि मला सुचली टपली. त्या आवक-जावकवाल्याला सुचलं हे. माझं पोट दुखलं, दुसरं काही नाही.

मी खण उघडला, मूळ कागद काढले आणि तिच्या हातात दिले. "तू वाचलंस ते कुणीतरी बदललेलं आहे. मूळ हे. वाच."

तिनं उभ्या उभ्या वाचलं. पान उलटलं, परत मागं गेली, समासातल्या सह्या बघितल्या, कुणीतरी टपलीच्या जागी "वा!" लिहिलं होतं ते बघितलं. मागच्या टेबलावर एक जण फस्सकन हसला, मग दुसरा. पोरीच्या तोंडावरचा लाल रंग कानापर्यंत गेला.

"अप्पा, खरं कोणतं?" तिनं तिथूनच विचारलं.

अप्पांनी शिक्का खाली ठेवला. "त्यांच्याकडचं खरं," ते म्हणाले. "मूळ त्यांच्याकडं हाय."

तिनं कागद माझ्या टेबलावर सरळ करून ठेवले आणि निघून गेली. तिची गुणपत्रिका अप्पांच्या टेबलावर राहिली. साहेब आल्यावर अप्पांनीच तिच्यावर शिक्का मारला, सही आणली आणि घडी करून खिशात घातली. मग रांगेतल्या माणसाला पाणी दिलं. माझ्याकडं बघितलं नाही.

माणूस शहाणा असता तर लिहिणं बंद केलं असतं. मी उलट पेटलो. आणखी तीन गोष्टी लिहिल्या, एकीपेक्षा एक वंगाळ. एकीत शिक्केवाल्याची पोरगी आणली, बापाला सगळ्यांदेखत वेडा म्हणणारी. शेवटच्या गोष्टीत शिक्केवाला कोरड्या विहिरीत डोकावताना आत पडतो आणि मरतो. गुप्तहेर वर उभा राहून म्हणतो, चला, एक शिक्का वाचला. कचेरीत हशा झाला, पण पूर्वीसारखा नाही. कुणी कुणी न वाचताच सही करून पुढं सरकवायला लागले. अप्पा मात्र शनिवारी पुठ्ठा मागायचेच, सोमवारी आणून द्यायचेच. आता वाटच बघून राहिलेली असेल पोरगी, असं मी एकदा मुद्दाम म्हणालो. "हाव," ते म्हणाले, "वाचते ती."

मला वाटलं पुन्हा बदलून नेत असणार. बदलू दे म्हटलं. मी मारलेल्या माणसाला हा जिवंत कसा करतो बघू.

पुढच्या वर्षी अप्पांनी स्वतःहून मागून उदगीरकडं बदली घेतली. माणूस कमी होता म्हणून बारनिशीचा चार्ज तात्पुरता माझ्याकडं आला. अप्पांनी यादी केली होती, नेहमीच्या वळणदार अक्षरात. आवक नोंदवही, जावक नोंदवही, शिक्के सहा, शाईपेटी, तांब्या एक. शेवटी: हस्तलिखित वही एक.

"ही तुमची खाजगी आहे," मी म्हणालो.

"कचेरीतल्या कागदाची उतरवलेली हाय. कचेरीचीच," अप्पा म्हणाले. "मोजून घ्या नांदेडवाले." मी तांब्याकडं बोट केलं, तो तरी घरचा ना? "राहू द्या. माणसं येतीलच की."

ते गेल्यावर वही उघडली. पहिल्या अर्ध्या भागात त्यांच्या गोष्टी होत्या, म्हणजे माझ्याच, पण शिक्केवाला शहाणा असलेल्या. पाण्याची गोष्ट वाचली. पोरीनं सांगितली होती त्याहून चांगली होती. मला लिहिता आली नसती. मग मधे एक रिकामं पान, आणि त्याच्यावर मुलीच्या अक्षरात, टिपणी लिहितात तशी एकच ओळ: यापुढे मुळाप्रमाणेच उतरवावे. खाली तिची सही.

त्यानंतर माझ्या शेवटच्या तीन गोष्टी. मी खणातले मूळ कागद काढले आणि ओळीला ओळ लावून ताडून बघितलं. माझी खात्री होती, कुठंतरी एखादा शब्द हळूच मऊ केला असेल. कुठंच नव्हता. टपल्या होत्या, वेडा म्हणणारी पोरगी होती, विहीर होती, वर उभा राहून हसणारा गुप्तहेरही होता. काना-मात्रा चुकली नव्हती. शिक्केवाला मरतो त्या ओळीवर शाईसुद्धा फुटली नव्हती. आणि प्रत्येक पानाच्या खाली, सरळ, न हललेला शिक्का: खरी नक्कल. शिक्क्याखाली अप्पांची सही.

चार्ज यादी टेबलावर तशीच होती. घेणाऱ्यानं प्रत्येक नगासमोर लिहावं लागतं. मी वहीच्या ओळीसमोर "मिळाली" लिहिलं आणि सही केली.