टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

हे लिहायला लाज वाटते, पण लपवून ठेवायची त्याहून जास्त वाटते. माझी गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. गेल्या हिवाळ्यात ती पाऊण तास नीट चालायची, मग आचके देत बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. नुकताच आमच्या जळगावच्या सलीमभाई मिस्त्रींनी तिचा फ्युएल पंप बदलला होता. मी चौकातल्या चहाच्या टपरीवर सरळ सांगून टाकलं, "सलीमने जुनाच पंप पुसून बसवला." त्यांच्याकडची गिऱ्हाइकं कमी झाली. मला ते दिसत होतं, तरी मी गप्प राहिलो.

दर रविवारी मी अंगणात गाडी उघडून बसायचो. कार्बोरेटरचे जेट साफ केले, फिल्टर बदलला, नळीत फुंकर मारताना पेट्रोलचा घोट गिळला. बायको म्हणाली, "आता गाडीऐवजी तुम्हीच सुरू व्हाल."

एकदा बोदवडला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेलो असताना तिथे राहायला आलेल्या आईला धाप लागली. डॉक्टरांनी ताबडतोब जळगावला न्यायला सांगितलं. अक्का म्हणाली, दुसरी गाडी बघू. मी ऐकलं नाही. कालच तर कार्बोरेटर धुतला होता ना! नशिराबादजवळ गाडी बंद पडली. ती पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. हात दाखवून थकलो, कुणी थांबेना. मागे आईचा श्वास घरघरत होता, तरी तीच मला आपल्या अहिराणीत म्हणाली, "घाबरू नको भाऊ, देव शे ना." मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. देवा, माझ्याने आता काही होत नाही, तूच बघ. इतकं मनापासून मी आधी कधी म्हटलं नव्हतं.

एक मोटारसायकल थांबली. सलीमभाई होते. मी काय बोलत फिरलो ते त्यांना ठाऊक असणारच. त्यांनी आईकडे पाहिलं, काय होतंय ते विचारलं आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली.

"नाना," ते मला म्हणाले, "टाकीला हवाच मिळत नव्हती."

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं; तिथून हवा आत गेली नाही तर पेट्रोल इंजिनापर्यंत ओढलं जात नाही. गाडीचा घास तिथूनच जातो म्हणून मी दर दसऱ्याला त्याच झाकणावर तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक काढायचो, जुन्यावरच नवं. भोक पार बुजलं होतं. सलीमभाईंनी रुमाल पसरून टाचणीने शेंदूर खरवडला. मी म्हणालो, "झटकून टाका हो." ते म्हणाले, "पूजेचा आहे, रस्त्यावर कसा टाकू?" रुमालाची घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

गाडी सुरू झाली. ते मोटारसायकलवर पुढे हॉर्न वाजवत वाट मोकळी करत राहिले. आई वेळेत दवाखान्यात पोहोचली, वाचली.

दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळ्यांसमोर मी माझी चूक सांगितली. मग गॅरेजवर जाऊन हात जोडले. सलीमभाईंनी आधी आईची तब्येत विचारली. त्यांची गिऱ्हाइकं हळूहळू परतली, पण मी केलेलं पुसलं गेलं असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या सगळ्या दिवसांत मी रोज देवापुढे एकच मागणं मागत होतो, की यात खोटा कोण ते लोकांसमोर येऊ दे. देवाने माझं ऐकलं, आणि आईलाही माझ्याजवळ ठेवलं. आता मी हात जोडतो, पण काय द्यायचं ते त्याला सांगत नाही.